चुलीखालची भुई

माहुल हे नाव मुंबईकरांच्या कानी पडते ते बहुधा अग्नीच्या संदर्भात. डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये वसलेले हे कोळ्यांचे जुने गाव. 1950 च्या दशकात येथे तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहिले आणि रात्रीच्या आकाशात उंच धुराड्यांवरील ज्योती दिसू लागल्या. नोव्हेंबर 1988 मध्ये येथील भारत पेट्रोलियमच्या कारखान्यात लागलेल्या आगीत अनेक कामगार प्राणास मुकले. 8 ऑगस्ट 2018 रोजी याच कारखान्यात झालेल्या स्फोटाचा हादरा आसपासच्या वस्त्यांनी अनुभवला आणि चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली. माहुलच्या रहिवाशाला आगीविषयी वेगळे सांगावे लागत नाही. तो आगीच्या शेजारीच राहतो.

अशा कारखान्यात तेलाच्या टाकीभोवती बांध घातलेला असतो. टाकी फुटली तर तेल कोठवर जाईल, याचा विचार टाकी बांधण्यापूर्वीच करावा लागतो. घरातील अग्नीविषयी मात्र असा विचार क्वचितच होतो. चूल, शेगडी, बंब, स्टोव्ह अथवा गॅस यांची निवड आपण चोखंदळपणे करतो. पण ही साधने ज्यावर ठेवायची त्या जमिनीची, ओट्याची आणि लगतच्या भिंतीची निवड बहुधा गवंडी करतो, किंवा दुकानात जी फरशी शिल्लक असेल ती करते. निखारा पडतो तो जमिनीवर, रॉकेल सांडते ते जमिनीवर आणि गळलेला गॅस साचतो तोही जमिनीलगतच. म्हणून अग्नीच्या साधनाखाली व भोवती कोणता पदार्थ असावा, याचा थोडा शास्त्रीय विचार येथे करावयाचा आहे.

मातीचे शहाणपण

माहुल काय किंवा कोकण किनाऱ्यावरील अन्य कोणतेही जुने गाव काय, चुलीची परंपरागत जागा भुईवर असे. तांबडी किंवा चिकण माती, भाताचे तूस आणि शेण एकत्र तुडवून चूल घालीत. तिच्या अंगाला वैल असे, मागे भांडी ठेवण्यासाठी भानवस असे, आणि समोर हातभर सारवलेली मोकळी जागा असे. या रचनेत अग्निसुरक्षेची जवळजवळ सर्व तत्त्वे अनुभवाने आलेली दिसतात.

ठोकून घट्ट केलेली भुई जळत नाही, हा तिचा पहिला गुण. दुसरा गुण असा, की तिला तळ नाही. चुलीची उष्णता खाली जाते ती पृथ्वीत पसरते. खाली लाकूड नाही, कापड नाही, कुणाच्या घराचे छत नाही. चुलीच्या मातीत घातलेले तूस पहिल्या काही दिवसांच्या जाळाने जळून जाते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. या पोकळ्यांत हवा कोंडलेली असते. कोंडलेली हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही, त्यामुळे चुलीचे अंग बाहेरून त्या मानाने कमी तापते. जाणत्या गृहिणी चुलीतील राख रोज पूर्णपणे उपसत नसत. तळाशी दोन बोटे राख ठेवीत. निखारे धरून ठेवण्यासाठी ही राख, असे त्या सांगत. ते खरेच आहे. पण हाच राखेचा थर चुलीच्या तळाला उष्णतेपासून राखतो, हेही तितकेच खरे.

सारवणाविषयी एक खुलासा करणे योग्य ठरेल. शेण हे स्वतः इंधन आहे. त्याच्याच गोवऱ्या आपण जाळतो. मातीच्या भुईवर दिलेला सारवणाचा थर कागदासारखा पातळ असतो व त्याखाली माती असते, म्हणून तो निर्धोक. हेच सारवण लाकडी फळीवर देऊन तिच्यावर चूल मांडली, तर काहीच साधत नाही.

1980 च्या दशकात निर्धूर चुलींचा कार्यक्रम देशभर हाती घेण्यात आला. त्या काळच्या माहितीपत्रकांत धुराचा, डोळ्यांचा आणि सरपणाच्या बचतीचा विचार विस्ताराने असे. चुलीखालच्या जमिनीविषयी फारसे लिहिलेले नसे, कारण बहुतेक घरांची जमीन मातीचीच होती. त्यानंतर घरे पक्की होत गेली. 1985 नंतर इंदिरा आवास योजनेतून आणि 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजनेतून बांधलेल्या अनेक घरांत सिमेंटचा कोबा किंवा लाद्या आल्या. उज्ज्वला योजनेने 1 मे 2016 नंतर गॅस पुष्कळ घरांत पोहोचवला. तरी सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून आंघोळीचे पाणी, भाकरी आणि कार्यप्रसंगीचा मोठा स्वयंपाक यांसाठी चूल टिकून राहिली. भुई बदलली आणि चूल तीच राहिली. गोष्ट वरकरणी क्षुल्लक दिसते, पण सावधगिरी हवी ती येथेच.

दगडाखालची आग

प्रस्तुत लेखकाचे बालपण गिरगावातील एका जुन्या चाळीत गेले. सागवानी तुळयांवर लाकडी तक्तपोशी, अशी तिची जमीन. मोरीच्या कोपऱ्यात आजीचा तांब्याचा बंब उभा असे. फळ्या जळू नयेत म्हणून त्याखाली दीड इंच जाडीची, दोन फूट चौरस कडाप्प्याची फरशी घातलेली होती. ती कुणी घातली हे कुणालाच ठाऊक नव्हते. ती पूर्वीपासून होती, म्हणून ती योग्यच असणार असे सर्वांनी गृहीत धरले होते. रोज पहाटे बंब पेटे आणि तास-दीड तास धगधगत असे. तळाच्या जाळीतून निखारे खालच्या ताटलीत पडत. एकही निखारा फरशीबाहेर जाऊ नये याबाबत आजीची दक्षता वाखाणण्याजोगी होती.

पुढे चाळीची दुरुस्ती निघाली. सुताराने पहारीने ती फरशी उचलली आणि सगळेच चकित झाले. फरशीला ओरखडासुद्धा नव्हता. खालची फळी मात्र मध्यभागी परातीएवढ्या जागेत कोळशासारखी काळी झाली होती. सुताराने अंगठा दाबला तो आत गेला. फळीखालच्या तुळईची वरची कडही करपली होती. आजी कितीतरी वेळ तिकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "दगडाखाली कुठं आग लागते?"

त्या वेळी तिला उत्तर देणारे कुणी नव्हते. उत्तर असे आहे: दगड जळत नाही, पण तो उष्णता पुढे पाठवतो. लाकूड पेट घेण्यासाठी त्याला ज्वालेचा स्पर्श व्हावाच लागतो असे नाही. बेताची उष्णता एकाच जागी रोज, वर्षानुवर्षे पोहोचत राहिली, तर लाकडातील ओल प्रथम निघून जाते, नंतर त्याचे घटक हळूहळू विघटित होतात आणि शेवटी कोळसा उरतो. असा कोळसा मूळ लाकडापेक्षा कमी तपमानाला धुमसू लागतो. वीस वर्षे काही झाले नाही म्हणून एकविसाव्या वर्षीही होणार नाही, असा हिशेब येथे चालत नाही. उलट दरवर्षी धोका वाढत जातो. आमच्या वरच्या मजल्यावरची ही जमीन खालच्या बिऱ्हाडाचे छत होती. त्या छताखाली एक पाळणा टांगलेला असे.

येथेच या विषयाचा गाभा आहे. एखादा पदार्थ अदाह्य आहे, म्हणजे तो स्वतः जळत नाही, हा एक गुण; तो उष्णतारोधक आहे, म्हणजे पलीकडच्या वस्तूपर्यंत उष्णता पोहोचू देत नाही, हा दुसरा गुण. बाजारात फरशी, पत्रा अथवा टाइल घेताना आपण पहिला गुण पाहतो आणि दुसरा आपोआप मिळाला असे समजतो.

उष्णतेचा हिशेब

पदार्थातून उष्णता किती सहज वाहते हे दर्शविणाऱ्या आकड्याला उष्णतावाहकता म्हणतात. शास्त्रज्ञांच्या एककात साध्या पोलादाचा हा आकडा सुमारे 50 आहे. ग्रॅनाइटचा अडीच ते तीन, साध्या भाजक्या विटेचा सुमारे 0.7, तर भट्ट्यांना गुंडाळतात त्या खनिज लोकरीचा सुमारे 0.04. आकडा जितका लहान, तितका पदार्थ उष्णतेला अधिक अडवतो. पदार्थाची जाडी मीटरमध्ये घेऊन तिला या आकड्याने भागले, की त्या थराचा रोध मिळतो. गणित शाळकरी आहे, पण त्याचा निष्कर्ष डोळे उघडणारा आहे.

दोन सेंटिमीटर जाडीच्या खनिज लोकरीचा रोध 0.5 येतो. तेवढाच रोध विटेकडून हवा असेल तर 35 सेंटिमीटर जाडीचे विटांचे काम लागेल. ग्रॅनाइटचा आकडा 2.8 धरला, तर त्याची जाडी एक मीटर 40 सेंटिमीटर हवी, म्हणजे जवळजवळ छातीएवढी! आजीची दीड इंची फरशी या हिशेबात कोठे बसते ते वाचकांनी ताडावे.

पत्र्याचे तर विचारूच नये. शेगडीखाली जस्ताचा किंवा स्टीलचा पत्रा घालण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. पडलेला निखारा पत्र्यावरून पुढे जात नाही आणि पत्रा झाडूनही घेता येतो, एवढा त्याचा उपयोग निश्चित आहे. पण पत्रा लाकडाला अथवा प्लायवुडला थेट चिकटून असेल, तर वरची उष्णता जवळजवळ जशीच्या तशी खाली जाते. त्याच पत्र्याखाली चार कोपऱ्यांना विटांचे तुकडे ठेवून दोन-तीन सेंटिमीटर पोकळी ठेवली आणि तिच्या कडा मोकळ्या सोडल्या, तर पोकळीतून हवा खेळते व उष्णता बाजूला वाहून नेते. खर्च शून्य, गुण मोठा. भिंतीलगतच्या पत्र्यालाही हाच नियम लागू आहे. तो भिंतीपासून सुटा असावा, आणि हवा खालून शिरून वरून निघून जावी म्हणून खाली-वर थोडी मोकळी जागा असावी.

जेथे घराघरांत शेकोटीची भिंत असते त्या थंड देशांत हे सारे नियमांत बांधलेले आहे. इंग्लंडच्या इमारत नियमांनुसार शेकोटीखालचा बांधीव चौथरा भरीव व अदाह्य पदार्थाचा, किमान 125 मिलिमीटर जाडीचा असावा लागतो. जे उपकरण चौथऱ्याला 100 अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापवणार नाही असे चाचणीने सिद्ध झाले असेल, त्याच्यासाठी 12 मिलिमीटरचा अदाह्य थर पुरतो. अमेरिकेत लाकडाच्या शेगडीखाली घालावयाच्या संरक्षक थराचे दोन प्रकार मानतात. एक केवळ निखाऱ्यापासून राखणारा, दुसरा उष्णतेपासूनही राखणारा. आणि दुसऱ्या प्रकारासाठी किती रोध हवा तो आकडा शेगडीचा निर्माता सांगतो. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना जुन्या घरातील शेकोटी मोठी हौसेची वाटते. तिच्यासमोरची जुनी फरशी काढून नवी सुंदर लादी बसवण्यापूर्वी हा आकडा विचारून घ्यावा, एवढेच त्यांना सांगणे आहे. महाबळेश्वर, माथेरान येथील जुन्या बंगल्यांतून अशा शेकोट्या आढळतात. बंगला विश्रामगृह म्हणून पुन्हा वापरात येतो आणि कित्येक वर्षे थंड पडलेली शेकोटी पाहुण्यांसाठी पेटवली जाते. त्यापूर्वी चौथऱ्याखाली तुळया आहेत की भराव, हे उघडून पाहणे अगत्याचे आहे.

किती जागा राखावी

जाडीइतकेच महत्त्व विस्ताराला आहे. अमेरिकेतील प्रचलित नियम असा: शेकोटीचे तोंड सहा चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर समोर किमान 16 इंच व दोन्ही बाजूंस आठ-आठ इंच अदाह्य जमीन हवी. तोंड त्याहून मोठे असेल, तर समोर 20 इंच आणि बाजूंस बारा-बारा इंच. आपल्या चुलीपुढची सारवलेली हातभर जागा साधारण 18 इंच भरते. दूरदूरच्या दोन समाजांना निखाऱ्याच्या उडीचे माप जवळजवळ सारखेच आढळावे, हे मनोज्ञ आहे.

आपल्याकडे मात्र सरपण चुलीच्या तोंडाबाहेर लांबवर आलेले असते, ही गोष्ट त्या नियमांत धरलेली नाही. लांब फाटा आतून जळत जातो आणि त्याचा पेटलेला तुकडा तुटून बाहेर गळतो. म्हणून चुलीसमोर दोन फुटांपेक्षा कमी जागा ठेवू नये. बाभळीचे लाकूड शांत जळते. खोक्यांच्या, मोडक्या फर्निचरच्या फळ्या तडतडतात व ठिणग्या उडवतात. फळ्या रंगवलेल्या असल्या तर त्यांचा धूरही घातक. शहराच्या कडेला सरपण म्हणून नेमक्या याच फळ्या हाती येतात, याचे भान ठेवावे.

बाजारातील दगड आणि त्यांचे स्वभाव

आपल्याकडे सर्रास मिळणारे कडाप्पा, शहाबादी आणि कोटा हे तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. नेहमीच्या स्वयंपाकाच्या उष्णतेने त्यांचे रासायनिक विघटन होत नाही. त्यासाठी 800 अंशांच्या पुढचे तपमान लागते. पण हे दगड थरांचे असतात. शहाबादी फरशीवर थेट जाळ केला तर तिचे पापुद्रे सुटतात, आणि कधी कधी ते आवाज करून उडतातही. म्हणून हे दगड चुलीच्या सभोवती वापरावेत; थेट जाळाखाली वापरू नयेत.

ग्रॅनाइट दिमाखदार खरा, परंतु त्यात स्फटिकाचे कण असतात, आणि हे कण 573 अंश सेल्सिअसला रचना बदलून एकाएकी फुगतात. ओट्यावरच्या गॅसखाली असे तपमान पोहोचत नाही, म्हणून ओट्यासाठी ग्रॅनाइट उत्तम. निखाऱ्यांच्या थराखाली मात्र त्याला तडे जातात. सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, यात असे कण सहसा नसतात. तीन दगडांच्या चुलीसाठी आपल्या पूर्वजांनी तो निवडला तो उगाच नव्हे. खाडीकाठचे किंवा ओढ्यातले ओले दगड मात्र चुलीला कधीही लावू नयेत. दगडाच्या छिद्रांत अडकलेल्या पाण्याची वाफ होताना ती पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा मागते, आणि ती जागा मिळाली नाही की दगड फुटून त्याचे तुकडे तोंडावर उडतात.

चिनी मातीच्या आणि चकचकीत विट्रिफाइड टाइल्स हजार अंशांहून अधिक तपमानात भाजलेल्या असतात. त्या जळणे शक्य नाही. तरीही त्या तडकतात, कारण मधला भाग तापून फुगतो, कडा थंड राहतात आणि चारी बाजूंनी सिमेंटने जखडलेल्या टाइलला हलायला जागा नसते. याचा अनुभव नव्या घराच्या वास्तुशांतीला पुष्कळांना आलेला असेल. जाणते गुरुजी होमकुंडाखाली प्रथम विटा मांडायला सांगतात आणि विटांवर वाळू पसरतात. कुणी घाईने तांब्याचे किंवा लोखंडी कुंड सरळ टाइलवर ठेवले, तर पूर्णाहुतीच्या सुमारास खालून टक्कन आवाज येतो. वीट आणि वाळू यांची ही जोडी स्वस्त आहे, सर्वत्र मिळते आणि शास्त्राच्या कसोटीला उतरते. विटेत हवेची सूक्ष्म छिद्रे असतात, वाळूच्या कणांमध्ये पोकळी असते. मात्र वाळू कोरडी हवी.

ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याची एके काळी जगभर उष्णतारोधक म्हणून शिफारस होत असे. आज ती कुणी करू नये. या पत्र्याचे अतिसूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि अनेक वर्षांनंतर असाध्य रोग उत्पन्न करतात. जुन्या छपराचे तुटके तुकडे चुलीखाली किंवा चुलीमागे लावण्याची सवय वस्त्यांतून दिसते. ती सोडून दिलीच पाहिजे. ॲस्बेस्टॉसविरहित सिमेंट तंतूंचे तक्ते आणि कॅल्शियम सिलिकेटचे तक्ते आता मिळतात. घेताना तक्त्यावर 'ॲस्बेस्टॉसविरहित' असा स्पष्ट उल्लेख आहे का, हे पाहावे. त्यांतही कॅल्शियम सिलिकेटचा तक्ता उष्णता अधिक चांगली अडवतो.

ओटा आला, धोका सरकला

1955 मध्ये माहुलला बर्मा-शेलचा शुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि त्याच सुमारास मुंबईत 'बर्शेन' या नावाने घरगुती गॅस येऊ लागला. हाच कारखाना पुढे राष्ट्रीयीकरणानंतर भारत पेट्रोलियमचा झाला. ज्या इंधनाने मुंबईच्या गृहिणीला भुईवरून उठवून ओट्यापुढे उभे केले, त्या इंधनाशी या गावाचा असा जुना संबंध आहे. गॅसची ज्योत वर जाते, राख नाही, निखारा नाही. तेव्हा जमिनीची काळजी संपली, असा समज झाला. प्रत्यक्षात काळजीची जागा तेवढी बदलली.

माहुलमध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या 72 इमारतींची वसाहत आहे. तेथील घर 225 चौरस फुटांचे. मुंबईच्या निरनिराळ्या भागांतून, विशेषतः तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्यांतून, कुटुंबे येथे आणली गेली. कारखान्यांच्या सान्निध्यामुळे आरोग्याचा प्रश्न उभा राहिला, तो उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2019 मध्ये न्यायालयाने रहिवाशांना पर्यायी घर अथवा घरभाडे देण्याविषयी आदेश दिला. तो एक स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. येथे मुद्दा इतकाच, की 225 चौरस फुटांत स्वयंपाक, अंथरूण, मुलांचा अभ्यास आणि देवघर एकमेकांना खेटून असतात. ओट्यापासून गादीपर्यंतचे अंतर कित्येकदा दोन पावलांचे. अशा घरात अग्नीभोवतीची दोन फूट मोकळी जागा ही चैन वाटते, आणि तीच सर्वात आधी बळी जाते.

अशा घरांतून आणि मुंबईभरच्या भाड्याच्या खोल्यांतून जमिनीवर फुलाफुलांचे प्लास्टिकचे आच्छादन अंथरलेले आढळते. ते स्वस्त असते, पुसायला सोपे असते आणि उखडलेली लादी झाकते. ते बहुधा पीव्हीसीचे असते. सुमारे 80 अंशांना ते मऊ पडते. जळू लागले तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घशाला व फुप्फुसाला भाजणारा वायू निघतो. ओट्यासमोर निदान तीन फुटांपर्यंत ते कापून काढावे आणि मूळ लादी उघडी ठेवावी. रॉकेलचा स्टोव्ह जेथे अजून वापरात आहे तेथे ही दक्षता दुप्पट हवी, कारण सांडलेले रॉकेल आच्छादनाच्या कडेखाली शिरते, तेथेच मुरते आणि वरून जमीन कोरडी दिसते. स्टोव्हखाली गोणपाट किंवा चटई घालण्याची सवय तर वातीला तेल पुरवण्यासारखीच आहे. स्टोव्ह काठ असलेल्या पत्र्याच्या ताटात ठेवावा आणि ताटात बोटभर कोरडी वाळू असावी. सांडलेले तेल वाळूत राहील. ती वाळू मात्र लगेच बदलावी.

सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला की तो पाण्यासारखा जमिनीवरून पसरतो आणि सखल जागी, मोरीत किंवा ओट्याखालच्या कपाटात साचतो. ओट्याखाली सिलिंडर ठेवून पुढे प्लायवुडची दारे बसवण्याची फॅशन आता लहान घरांतही आली आहे. दारे दिसायला नीटनेटकी दिसतात. परंतु त्यांना अगदी तळाशी झरोके नसतील, तर गॅस बाहेर येऊन नाकाला कळण्याऐवजी आतच साठतो. झरोके वरच्या बाजूस ठेवून भागत नाही, हे सुताराला बजावून सांगावे लागते; तो सवयीने ते वरच करतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, त्यासाठी वरची हवेशीर वाट हवी. ज्या घरी नळाची जोडणी झाली तेथे हा फरक ध्यानात घ्यावा. सिलिंडर नेहमी उभा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचीवर असावी. सिलिंडरमधील गॅस गळत असल्याची शंका आल्यास 1906 आणि आग लागल्यास 101 हे क्रमांक घरातील लहान मुलांनाही पाठ असावेत.

ओट्यामागच्या भिंतीला सनमायका, प्लास्टिकचे तक्ते किंवा चिकटवण्याचे रंगीत कागद लावू नयेत. टाइल किंवा साधा सिमेंटचा गिलावा पुरेसा आहे. ओट्याच्या पृष्ठभागासाठी 'क्वार्ट्झ' या नावाने विकला जाणारा कृत्रिम दगड घेतल्यास त्यात राळ असते, हे जाणून गरम कढई त्यावर थेट टेकवू नये. ओट्यात बसवलेल्या शेगडीखाली प्लायवुडचा खण असेल, तर शेगडीचा तळ आणि खणाचे छत यांत निर्मात्याने सांगितलेले अंतर ठेवावे. सुतार खणाची खोली वाढवण्यासाठी नेमके हेच अंतर खातो. मोठ्या पातेल्याखाली गॅस तास-दोन तास चालला की ज्योतीची धग पातेल्यावर आपटून खाली परतते, आणि वर्षभराने खणाच्या छताला तपकिरी डाग दिसू लागतो. असा डाग म्हणजे आमच्या चाळीतल्या त्या फळीची पहिली अवस्था होय.

लादीवर चूल मांडायची असेल तर

ज्यांना पक्क्या लादीवर, पडवीत अथवा अंगणात चूल किंवा बंब ठेवावयाचा आहे, त्यांनी पुढील रचना करावी. प्रथम लादीवर विटा आडव्या मांडून, मध्ये बोटभर फटी ठेवून एक थर द्यावा. या फटींतून हवा खेळेल. त्यावर दुसरा थर उलट दिशेने, फटी न ठेवता मांडावा. त्यावर दोन इंच कोरडी वाळू किंवा चाळलेली राख, आणि तिच्यावर चूल. दोन विटांचा थर साधारण 15 सेंटिमीटर उंच होतो; वाळू ओघळू नये म्हणून कडेने उभ्या विटा लावाव्यात. चुलीच्या तोंडासमोर दोन फूट आणि बाजूंस एक-एक फूट जागेत काहीही अंथरू नये. जमीन लाकडी असेल किंवा खाली कुणाचे बिऱ्हाड असेल, तर एवढ्यावर विसंबून चूल मांडू नये. तेथे चूल नकोच. गच्चीवरही नको, कारण तेथील जलरोधक थरात बहुधा डांबर असते. थंडीत कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दारे-खिडक्या लावून झोपणे तर सर्वथा वर्ज्य. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.

राखेसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवावा. निखारे राखेखाली दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतात, म्हणून राख प्लास्टिकच्या बादलीत किंवा कचऱ्याच्या पिशवीत ओतू नये. तो डबाही लाकडी जिन्यावर अगर फळीवर न ठेवता दगडावर ठेवावा, तेथेही खाली विटेचे दोन तुकडे घालून.

केलेली रचना पुरेशी आहे की नाही, हे तपासण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. चूल, बंब किंवा शेगडी नेहमीइतका वेळ चालवावी. ती बंद केल्यावर अर्ध्या तासाने खालच्या पृष्ठभागाला, म्हणजे लादीला, खणाच्या छताला अथवा मागच्या भिंतीला, उलटा तळहात लावावा. अर्धा तास यासाठी, की उष्णता जाड थरातून उशिरा उतरते आणि आग विझल्यानंतरही खालचा भाग काही काळ तापतच राहतो. हात सहज टेकवता आला तर रचना ठीक. हात मागे घ्यावा लागला तर आणखी एक विटेचा थर द्यावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात लावून पाहावा.